एअरपोर्टवरची झडती: वस्तू शोधायची की माणूस?

प्रश्न असा आलाय की एअरपोर्टवरचं सिक्युरिटी चेक खरंच काही पकडतं का नुसता देखावा असतो, आणि देखावा असेल तर बूट काढा, बेल्ट काढा, हात वर करा, कुणीतरी परकं माणूस अंग चाचपणार हे सगळं आपण का चालवून घ्यायचं, आपल्याला काही हक्क आहेत की नाही. शेवटी अजून एक जोडलंय, चेहरा स्कॅन करायला नाही म्हटलं तर चालतं का. मी बरीच वर्षं याच कामात काढलीयत, आधी एक्सरेच्या स्क्रीनसमोर आणि फ्रिस्किंगला (हाताने अंग चाचपून तपासायला), नंतर नवीन आलेल्यांना शिकवायला. म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं मत आधीच सांगून टाकते. वस्तू शोधणारी तपासणी मला मान्य आहे, माणूस शोधणारी नाही. म्हणजे बंदूक, सुरा, स्फोटक विमानात जाऊ नये म्हणून सगळ्यांना सारखंच तपासायचं, तेवढ्यापुरतंच तपासायचं आणि काही नाही मिळालं की सोडून द्यायचं, याचं समर्थन मी कोणासमोरही करेन. पण त्याच रांगेचा फायदा घेऊन हा माणूस कोण, कुठून आला, पैसे कशाला बाळगतो, घाबरल्यासारखा का वाटतो हे शोधायला लागलं की त्या झडतीला जो आधार होता तोच निघून जातो. आणि गंमत अशी की लोक चिडतात ते बूट आणि पाण्याच्या बाटलीवरून, खरं चिडायला पाहिजे ते भलतीकडेच असतं.

हा आधार कुठून आला ते थोडक्यात. १९६८ ते १९७२ या काळात अमेरिकेत शंभराहून जास्त विमान अपहरणाच्या घटना झाल्या, सुरुवातीला विमान क्यूबाला नेणं हा जवळजवळ नेहमीचा प्रकार होता आणि विमान कंपन्यांनाही वाटायचं की प्रवाशांना तपासत बसण्यापेक्षा अपहरणकर्त्याचं ऐकलेलं स्वस्त पडतं. मग नोव्हेंबर १९७२ मध्ये अपहरण करणाऱ्यांनी विमान ओक रिजच्या अणुभट्टीवर पाडायची धमकी दिली, आणि जानेवारी १९७३ पासून तिथे प्रत्येक प्रवाशाची आणि प्रत्येक हँडबॅगची तपासणी सक्तीची झाली. १९७४ मध्ये आयकाओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, शिकागो कराराला, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या मूळ आंतरराष्ट्रीय कराराला, सुरक्षेचं सतरावं परिशिष्ट जोडलं आणि तिथून जगभर हे नियम पसरत गेले.

आता कायद्याची अडचण बघा. एरवी पोलिसांना तुमची झडती घ्यायची तर काहीतरी संशय लागतो, कारण लागतं. इथे तर कुणावरच संशय नाही तरी सगळ्यांची झडती. अमेरिकेतल्या एका अपील कोर्टाने १९७३ मध्येच डेव्हिस नावाच्या खटल्यात यावर उत्तर दिलं, की ही गुन्हा शोधायची झडती नाहीच, ही प्रशासकीय तपासणी आहे, आणि ती चालेल, पण शस्त्रं आणि स्फोटकं शोधायला जेवढी लागते त्यापेक्षा जास्त खोल जायचं नाही, हेतू तेवढाच ठेवायचा, आणि ज्याला नको असेल त्याला विमानात न बसण्याची मोकळीक हवी. माझ्या मते या विषयातलं बहुतेक सगळं या दोन-तीन अटींमध्ये आलंय. पुढे जिथे जिथे भांडण झालं तिथे यातली एखादी अट ढिली झालेली दिसेल. शेवटची अट तर त्याच कोर्टाने २००७ मध्ये आवळून टाकली, एक माणूस मेटल डिटेक्टरमधून गेला, पुढच्या तपासणीला घेतल्यावर म्हणाला मला आता जायचंच नाही विमानाने, तर कोर्ट म्हणालं एकदा तपासणी सुरू झाली की अर्ध्यातून परत फिरता येणार नाही. मला हे पटतं खरं तर, नाहीतर कोणीही येऊन कुठे पकडलं जातं कुठे नाही याचा अंदाज घेऊन परत जाईल आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रांगेतून येईल.

बरं, पकडतं का?

एक्सरेच्या स्क्रीनवर तुमची बॅग रंगात दिसते. सेंद्रिय गोष्टी नारिंगी, धातू निळा, मधले मिश्र प्रकार हिरवे, आणि जिथून किरण आरपार जातच नाहीत तिथे काळं. अडचण अशी की स्फोटकं बहुतेक नारिंगीत येतात आणि साबण, पुस्तकांचा गठ्ठा, क्रीमची बरणी हेही नारिंगीच. ऑपरेटर स्फोटक 'बघत' नसतो, तो घनता, आकार, शेजारी वायर किंवा बॅटरी आहे का आणि एकूण मांडणी विचित्र आहे का ते बघतो, तेही काही सेकंदात, मागे रांग खोळंबलेली असताना. लॅपटॉप बाहेर काढायला सांगतात ते यासाठी, त्याची बॅटरी आणि सर्किट बोर्ड खालच्या वस्तू झाकून टाकतात. नवीन सीटी मशीनमध्ये बॅग सगळीकडून फिरवून बघता येते म्हणून तिथे लॅपटॉप आतच राहू देतात, ऑपरेटर अचानक दयाळू झाला असं काही नाही.

आणि डोळा थकतो. युरोपच्या नियमात सलग स्क्रीन बघण्याची मर्यादा साधारण २० मिनिटांची आहे ती त्यामुळेच. शिवाय मशीन अधूनमधून खऱ्या बॅगच्या चित्रात खोटी बंदूक किंवा खोटा बॉम्ब टाकतं, ऑपरेटरने बटण दाबलं की सांगतं हा सराव होता. हे नसेल तर दिवसच्या दिवस काहीच न सापडणारा माणूस शेवटी बघायचंच सोडून देतो, मुद्दाम नाही, मेंदूच तसा चालतो. त्यामुळे पुढच्या वेळी तुमची साधी बॅग बेल्टवर दोनदा मागेपुढे झाली तर लगेच अपमान झाला असं समजू नका.

तरीही निकाल फार अभिमानाने सांगावेत असे नाहीत. २०१५ मध्ये बाहेर आलेल्या बातमीनुसार अमेरिकेत सरकारच्याच गुप्त तपासनीसांनी नकली स्फोटकं आणि शस्त्रं घेऊन चेकपॉइंट पार करायचे ७० प्रयत्न केले, त्यातले ६७ यशस्वी झाले. तिथे एअरपोर्टवरची तपासणी करणारी सरकारी संस्था टीएसए, तिच्या हंगामी प्रमुखाला पदावरून हलवलं. मग देखावाच म्हणायचा का? मी नाही म्हणणार, आणि हे नोकरी केली म्हणून बोलत नाहीये. त्या तपासनीसांना मशीन कुठे आंधळं आहे ते माहीत असतं, तो अभ्यास सगळ्यांकडे नसतो. आणि दुसरं, तपासणी असल्यामुळे हल्ला करणाऱ्याला साधं, भरवशाचं उपकरण आणता येत नाही, त्याला लपवता येईल असं काहीतरी वेडंवाकडं जुळवावं लागतं. डिसेंबर २००१ मध्ये बुटात स्फोटक घेऊन बसलेल्याला ते पेटवताच आलं नाही. डिसेंबर २००९ मध्ये डेट्रॉइटच्या विमानात चड्डीत शिवलेलं स्फोटक नुसतं जळलं, फुटलं नाही, आणि दोन्ही वेळा प्रवासी आणि क्रू त्यांच्यावर तुटून पडले. तपासणीचा एक उपयोग हा असतो, वाईट माणसाला वाईट दर्जाचा बॉम्ब आणायला लावणं. आकड्यात दाखवता येत नाही, पण आहे.

आता एक गोष्ट जी या वादात फार कमी बोलली जाते. सगळ्यात जास्त जीव वाचवणारे उपाय बहुतेक कुणाच्या अंगाला हातही लावत नाहीत. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कॅनडातून निघालेलं कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब अशा बॅगेत होता की जिचा मालक विमानात चढलाच नव्हता. टोरंटोला सामान भरताना एक्सरे मशीन बंद पडलं होतं म्हणून हातातल्या डिटेक्टरने बॅगा तपासल्या. डिसेंबर १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर फुटलेल्या विमानातही बॉम्बची बॅग मालकाशिवायच चढवलेली होती, २७० मृत्यू, त्यातले ११ खाली गावातले. यावरचा उपाय काय, तर प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग उतरवायची. तुम्हाला कधी विमानात बसून अर्धा तास ताटकळत ठेवलं असेल की एका प्रवाशाचं सामान उतरवताहेत म्हणून, तर तो उशीर याच दोन विमानांमुळे आहे. यात कुणाची प्रायव्हसी गेली? कुणाचीच नाही. तसंच २००१ नंतर कॉकपिटची दारं मजबूत केली, आतून बंद होणारी, चाकू दाखवून विमान ताब्यात घेणं त्यामुळे जवळजवळ संपलं. (त्याच दाराचा उलटा उपयोग मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्स या विमान कंपनीच्या को-पायलटने केला, कॅप्टनला बाहेर ठेवून विमान पाडलं, १५० जण गेले, म्हणजे फुकटचा उपाय असा काही नसतो.) पण मुद्दा हा की सुरक्षा आणि हक्क हे तराजूचे दोन पारडे आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली, हे जे सतत सांगितलं जातं ते अर्धवट आहे. खूपदा दोन्ही एकदम मिळतं, फक्त कुणीतरी तसा आग्रह धरावा लागतो.

बॉडी स्कॅनर हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. २०१० च्या आसपास अमेरिकेत हे सगळीकडे बसवले, चड्डीतल्या बॉम्बनंतर घाईघाईने. त्यातला एक प्रकार, बॅकस्कॅटर, अगदी कमी मात्रेचा एक्सरे वापरायचा आणि त्यात माणसाचं शरीर जवळजवळ कपड्यांशिवाय दिसायचं, दुसऱ्या खोलीत बसलेला कर्मचारी ते बघायचा. सांगितलं असं जायचं की याला इलाज नाही, सुरक्षितता हवी तर एवढं द्यावंच लागेल. लोक कोर्टात गेले. २०११ मध्ये कोर्टाने स्कॅनर बंद नाही केले, पण म्हटलं की एवढा मोठा बदल जनतेला न विचारता, हरकती न मागवता तुम्ही केलात हे चुकलं. संसदेने पण शरीर न दाखवणारं सॉफ्टवेअर आणायला मुदत घातली. आणि मग काय झालं, तर दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे मिलिमीटर लहरींच्या मशीनमध्ये सॉफ्टवेअर आलं की जे शरीर दाखवतच नाही, नुसती एक बाहुलीसारखी ठरावीक आकृती दाखवतं, सगळ्यांना तीच, आणि जिथे काही वेगळं वाटलं तिथे पिवळा चौकोन. बॅकस्कॅटरवाल्या कंपनीला तसं सॉफ्टवेअर वेळेत जमलं नाही, ती मशीन २०१३ पर्यंत हटवली. म्हणजे 'इलाज नाही' म्हणत होते त्याला इलाज होता. युरोपने तर २०११ मध्येच प्रवाशांसाठी एक्सरेवाले स्कॅनर नाकारले आणि स्कॅनर नको असेल त्याला दुसऱ्या पद्धतीने तपासून घ्यायचा पर्याय ठेवला. तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं की सुरक्षेसाठी हे सोसावंच लागेल, तर आधी विचारा की हेच काम कमी उघडं पाडून होतं का.

पण आकृती आली म्हणून सगळं सुटलं नाही. पिवळा चौकोन आला की कुणीतरी हाताने तपासणार, आणि तो चौकोन सगळ्यांना सारखा येत नाही. घामाने ओले कपडे, घट्ट वेण्या, पगडी, कृत्रिम पाय, पोटाला लावलेली वैद्यकीय पिशवी, सॅनिटरी पॅड, जाड शिवण, या सगळ्यावर मशीन कधी ना कधी ओरडतं. बरीच वर्षं मशीनवर स्त्री आणि पुरुष अशी दोन बटणं होती, कर्मचाऱ्याने समोरच्याकडे बघून एक दाबायचं, मग ट्रान्सजेंडर प्रवाशाच्या बाबतीत कुठलंही दाबलं तरी कुठेतरी चौकोन उमटायचा आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर खुलासा द्यावा लागायचा. हे बदलून लिंगनिरपेक्ष सॉफ्टवेअर आणायचं अमेरिकेत २०२२ मध्ये जाहीर झालं. कागदावर सगळ्यांची तपासणी एकच, पण काही लोकांना ती दर वेळी दुप्पट सोसावी लागते, आणि ज्यांना कधीच अलार्म येत नाही तेच बहुतेक वेळा म्हणतात की एवढं काय त्यात.

हाताने तपासणं, म्हणजे फ्रिस्किंग, मी शिकवायचे म्हणून थोडं सांगते. नवीन मुलींना पहिली गोष्ट मी ही सांगायचे की हात लावायच्या आधी तोंड उघडा. आता मी तुमच्या पाठीला हात लावणार आहे, आता कमरपट्ट्याच्या आतून बोट फिरवणार आहे, कुठे दुखतंय का, कुठे काही लावलेलं आहे का. नाजूक जागी हाताची मागची बाजू, तळवा नाही. एकदा गेलेला हात परत त्याच जागी कारणाशिवाय जाणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या भागावर अलार्म आला तो भाग, उगाच सगळं अंग नाही. हे नीट केलं तर बहुतेक लोक शांत असतात. चिडतात ते न सांगता हात लागला की, किंवा बाई रडकुंडीला आलीय आणि समोरची हातमोजे ओढत दुसरीशी गप्पा मारतेय अशा वेळी. कोर्टाच्या भाषेत याला कमीत कमी हस्तक्षेप म्हणतात, आमच्याकडे याचा अर्थ नीट बोलणं आणि लवकर आटपणं. दर शिफ्टला तीच वाक्यं दोनशेदा बोलून कंटाळा येतो हे मला माहीत आहे, तरी प्रवाशासाठी ती पहिलीच वेळ असते.

आता जे मला खरं टोचतं तिकडे येते.

२००९ मध्ये सेंट लुईस एअरपोर्टवर एका राजकीय प्रचार संस्थेचा कर्मचारी साधारण ४,७०० डॉलर रोख एका पेटीत घेऊन चालला होता, देणग्या आणि विक्रीचे पैसे. एक्सरेमध्ये पेटी दिसली, त्याला बाजूला घेतलं, आणि हे पैसे कुठून आले, कशाला हवेत, कुठे काम करतोस अशी उलटतपासणी. तो शांतपणे विचारत राहिला की याचं उत्तर द्यायला मी कायद्याने बांधील आहे का, आणि हे सगळं त्याच्या फोनमध्ये रेकॉर्ड होत होतं. नागरी हक्क संघटनेने खटला भरल्यावर टीएसएने आपल्या सूचना बदलल्या, की तपासणी विमानाच्या सुरक्षेपुरतीच ठेवायची. त्याच वर्षी ओहायोतल्या एका कोर्टाने एका खटल्यात बॅगेतली पाकिटं उघडून सापडलेले खोटे पासपोर्ट पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला, कारण त्यात स्फोटक नाही हे कळल्यावरही शोध चालूच ठेवला होता. लोकांना हे ऐकून राग येतो, खोटे पासपोर्ट सापडले ना मग झालं की. नाही झालं. नोटांनी विमान पडत नाही, पासपोर्टनेही पडत नाही. संशयाशिवाय सगळ्यांना तपासायची परवानगी तुम्हाला मिळाली ती बॉम्बच्या नावावर, त्या नावावर बाकीचं सगळं उरकून घ्यायला लागलात तर मग रस्त्यावर, रेल्वे स्टेशनवर, दवाखान्याच्या दारात पण तेच करायला काय हरकत, असा प्रश्न कुणीतरी विचारणारच.

याच्याही पुढचं म्हणजे हावभाव बघून माणूस ओळखणं. अमेरिकेत २००७ पासून स्पॉट नावाचा कार्यक्रम जोरात चालवला, कर्मचारी रांगेत उभे राहून प्रवाशांच्या वागण्याला गुण द्यायचे. त्यांची यादी २०१५ मध्ये बाहेर आली, त्यात जास्त जांभया देणं, घसा खाकरणं, शिट्टी वाजवणं अशा गोष्टी होत्या. आता सांगा, पहाटेच्या फ्लाइटच्या रांगेत जांभई न देणारा कोण असतो? नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी अहवाल दिला, तोवर ९० कोटी डॉलर खर्च झाले होते आणि त्यांचं म्हणणं होतं की वागण्यावरून माणूस फसवतोय हे ओळखायची क्षमता नाणेफेकीइतकीच किंवा तिच्यापेक्षा जराशीच बरी असते.

आणि साधा गुणाकार करून बघा. समजा एका एअरपोर्टवरून रोज १ लाख लोक जातात आणि तुमचा हावभाव ओळखणारा इतका हुशार की १०० निर्दोष लोकांमध्ये एकालाच चुकून धरतो. म्हणजे रोज हजार निर्दोष लोक बाजूला, वर्षाला साडेतीन लाखांच्या वर, आणि खरा हल्लेखोर अख्ख्या दशकात कदाचित एकही त्या एअरपोर्टवर यायचा नाही. वस्तूच्या बाबतीत चुकून अलार्म आला तर बॅग उघडली, शाम्पू निघाला, संपलं, दोन मिनिटांत माणूस निर्दोष ठरतो. वागण्यावरून धरलेला माणूस निर्दोष कसा ठरणार? घाबरलेला नव्हतो हे सिद्ध करून? आणि मग धरणारा माणूस शेवटी कशावर जातो तर रंग, नाव, दाढी, कपडे, भाषा यावर. तो दुष्टच असतो असं नाही, यादी पोकळ असली की मनातले जुने ग्रह ती भरून काढतात, मी शिकवायला घेतलेल्या चांगल्या चांगल्या मुलामुलींमध्ये हे होताना पाहिलंय.

ज्यांना अडवायचं किंवा विमानात बसूच द्यायचं नाही अशा नावांच्या सरकारी याद्यांचं पण तसंच. २००४ मध्ये सिनेटर टेड केनेडींना एअरपोर्टवर पुन्हा पुन्हा अडवलं, यादीतल्या कुठल्याशा नावाशी त्यांचं नाव जुळत होतं म्हणून. ते निदान सिनेटर होते, मंत्र्याला फोन करू शकत होते. स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या एका मलेशियन बाईंना २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला बेड्या घातल्या, मुलगी बरोबर असताना, आणि खरं काय ते कोर्टात निघायला २०१४ उजाडलं: एका एफबीआय एजंटने फॉर्ममधली खूण उलटी केली होती. एक चुकीची टिक, आणि सरकार नऊ वर्षं सांगत होतं की यादीत नाव आहे की नाही हेही सांगता येणार नाही, गुपित आहे. त्याच २०१४ मध्ये ओरेगॉनच्या कोर्टाने नो-फ्लाय यादीविरुद्ध दाद मागायची पद्धत घटनेत बसत नाही असा निकाल दिला, कारण आरोप काय ते न सांगता उत्तर दे म्हणणं याला काही अर्थ नाही. यादीच नको असं मी म्हणत नाही. पण नाव का गेलं ते कळायला हवं, ते काढून घ्यायला दार हवं, आणि ते दार नऊ वर्षं लांब नको.

फोनबद्दल खूप गोंधळ असतो म्हणून एवढंच, की चेकपॉइंटवाल्याला तुमच्या फोनमधले मेसेज बघायचं काही कारण नाही, त्याला फार तर फोन चालू होतो का तेवढं बघायचं असतं. मेसेज वगैरे बघतात ते सीमेवरचे, इमिग्रेशन किंवा कस्टम्स किंवा पोलीस, त्यांचा कायदा वेगळा आणि खूपच जास्त अधिकार देणारा. ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायद्याखाली संशय नसतानाही एअरपोर्टवर अडवून पासवर्ड मागता येतो, २०१३ मध्ये हीथ्रोला एका पत्रकाराच्या जोडीदाराला जवळजवळ नऊ तास बसवून ठेवलं होतं, आणि २०१६ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने म्हटलं की पत्रकारितेच्या साहित्याला या कायद्यात पुरेसं संरक्षण नाही. तेव्हा समोर कोण उभं आहे ते आधी ओळखा. दोघांचा गणवेश लांबून सारखाच दिसतो, अधिकार सारखे नसतात.

आता चेहऱ्याचं. यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि कोणी नीट सांगत नाही. एकात तुमचा चेहरा तुमच्याच पासपोर्टवरच्या फोटोशी जुळतो का एवढंच बघतात, जे काम आधी काउंटरवरचा माणूस करायचा. दुसऱ्यात तुमचा चेहरा साठवलेल्या हजारो चेहऱ्यांमध्ये शोधतात. पहिला प्रकार मला फारसा खटकत नाही, फोटो लगेच पुसला जात असेल तर. दुसरा खटकतो, कारण तो कॅमेरा रांगेपुरता राहील याची खात्री कोण देणार, आज बोर्डिंगसाठी, उद्या हरवलेल्या मुलासाठी, परवा कोण कुठल्या मोर्चाला गेलं त्यासाठी. अमेरिकेच्या निस्ट या मोजमापाची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये छापलेल्या चाचणीत काही अल्गोरिदम आशियाई आणि आफ्रिकन वंशाच्या चेहऱ्यांवर गोऱ्यांपेक्षा १० ते १०० पट जास्त चुकीच्या जुळण्या देत होते. सगळे नाही, काही चांगलेही होते, पण तुमच्या एअरपोर्टवर कुठलं बसवलंय ते तुम्हाला कोण सांगतं? प्रवासाच्या नोंदींचंही हेच, कोण कुठे गेलं, कुणाबरोबर, पैसे कसे भरले हा डेटा सरकारं वर्षानुवर्षं ठेवतात, २०२२ मध्ये युरोपच्या न्यायालयाने म्हटलं की ज्यांच्याविरुद्ध काहीच नाही अशा सगळ्या प्रवाशांची नोंद सरसकट पाच वर्षं ठेवता येणार नाही, सहा महिन्यांनंतर काहीतरी ठोस कारण लागेल. असं कोणीतरी म्हणावं लागतं, डेटा आपणहून कोणी पुसत नाही.

एक चिडचिड अजून. पैसे भरा, बोटांचे ठसे द्या, पार्श्वभूमी तपासू द्या, मग तुम्हाला छोटी रांग आणि कमी कटकट, असे कार्यक्रम काही देशांत निघालेत. कामाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, गर्दी कमी होते. पण तुम्ही नीट वागवून घ्यायचे पैसे भरताय, आणि ज्यांचा आवाज वर पोहोचतो ते सगळे त्या रांगेत गेले की मोठ्या रांगेतल्यांसाठी तक्रार करायला कोण उरतं?

मग नाही म्हणता येतं का. देशादेशात फरक आहे, पण साधारण असं. तपासणीलाच नाही म्हटलं तर विमानात जाता येणार नाही, हे सगळीकडे. स्कॅनरला नाही म्हटलं तर युरोपात आणि सहसा अमेरिकेतही हाताने तपासून घ्यायचा पर्याय असतो, काही देशांत तसा पर्याय नसतो, तिथे वाद घालून उपयोग नाही. चेहऱ्याला नाही म्हणायचं असेल तर कॅमेऱ्यासमोर उभं राहायच्या आधी म्हणा, नंतर नाही, आणि 'ओळखपत्र बघून घ्या, फोटो नको' एवढं एकच वाक्य पुरतं, कारण द्यायची गरज नसते जिथे ते ऐच्छिक आहे तिथे. समोरचा म्हणेल की मग वेळ लागेल. लागू दे, रांग सोडू नका.

हाताने तपासणार असतील तर आधीच सांगा की बाजूच्या खोलीत हवंय आणि बरोबरचं माणूस सोबत हवंय, हे मागणं नेहमीचं आहे, कुणी दचकत नाही. हातमोजे बदला म्हणता येतं. तपासणारी व्यक्ती तुमच्याच लिंगाची असावी म्हणता येतं. शरीरात काही बसवलेलं असेल, पेसमेकर, पंप, पिशवी, तर मशीनमध्ये शिरायच्या आधी सांगा, अलार्म आल्यावर सांगितलं की तेच वाक्य सबबीसारखं ऐकू येतं, दुर्दैवाने. बॅग डोळ्याआड जात असेल तर थांबा म्हणा, मला दिसेल अशी ठेवा. बॉम्बचा विनोद करू नका, तो विनोद ऐकून सोडून द्यायची मुभा आम्हाला नसते, हसू आलं तरी. आणि बॅगेत काय आहे विचारलं तर सांगा, पैसे कुठून आले विचारलं तर शांतपणे विचारा की याचं उत्तर देणं सक्तीचं आहे का. आवाज न चढवता. ज्याला नियम माहीत आहे तो तिथेच थांबतो, ज्याला माहीत नाही तो सुपरवायझरला बोलावतो, आणि सुपरवायझरला बहुतेक वेळा माहीत असतो.

तक्रार करायची असेल तर त्याच दिवशी लिहा. 'वाईट वागवलं' असं लिहू नका, त्याचं काहीच होत नाही. कुठली रांग, किती वाजता, कुठल्या भागावर अलार्म आला, हात कुठे लागला, आधी सांगितलं होतं का, खोली मागितली होती का आणि काय उत्तर मिळालं, असं लिहा, कारण त्या रांगेवरचं फुटेज कायमचं ठेवत नाहीत आणि वेळ अचूक नसेल तर कोणी शोधत बसत नाही. माझ्या टेबलावर आलेल्या तक्रारींमध्ये ज्यात वेळ आणि रांग नीट होती त्यांवर काहीतरी व्हायचं, कुणाला परत ट्रेनिंगला पाठवलं, कुणाला फ्रिस्किंगवरून काढून बेल्टवर टाकलं. बाकीच्यांना माफीचं छापील पत्र जायचं.